आबा जिवंत असण्याचा तोटा

आमचे आबा कधी गेले, याची दोन उत्तरं आहेत. एक आमच्या घरातलं, एक कंपनीच्या हिशेबातलं. कंपनीच्या हिशेबात ते आधी गेले. तिथून पुढे कित्येक महिने हा गेलेला माणूस माझ्या हातची कळण्याची भाकरी खात होता, ठेच्यावर तेल कमी घातलं म्हणून कुरकुरत होता आणि टीव्हीचा आवाज मोठा करून शेजाऱ्यांच्या शिव्या खात होता. मेल्यावर एवढी भूक लागत असेल तर मरायला हरकत नाही, असं मी तेव्हा चेष्टेनं म्हटलंही होतं. जीभ झडो माझी.

मी जोस्ना भोळे. भुसावळला तापीच्या अंगाला सूर्यकन्या नावाची आमची सोसायटी आहे. चार मजले, सोळा घरं, परवडणाऱ्या घरांच्या योजनेत बांधलेली. परवडणारी म्हणजे बांधणाऱ्याला परवडणारी. भिंती इतक्या पातळ की शेजारी शबाना तडवीकडे फोडणी पडली की ठसका आम्हाला लागायचा. आम्ही सगळ्यात वर, चारशे दोनमध्ये. मी, माझा नवरा भागवत आणि सासरे, म्हणजे आबा. मी वेफर्सच्या कारखान्यात पाकिटं सील करायला जाते, भागवत रेल्वेच्या शेडमध्ये ठेकेदाराकडे. दिवसभर घरात एकटे आबा आणि डोक्यावर उघडा स्लॅब.

तापीला सूर्याची लेक म्हणतात. बाप लेकीकडे मुक्कामाला आला की हलायचं नाव घेत नाही, तसा मार्च ते जून सूर्य आमच्या गावात. दोन हजार छत्तीस सालच्या उन्हाळ्यात पारा एकोणपन्नासला टेकला. आमच्या घरात फरशीवर पाणी ओतलं की वाफ यायची. दोन कूलर दिवसभर आबांवर सोडलेले असायचे आणि ते गरम हवाच इकडून तिकडे करायचे. विजेचं बिल आलं की भागवत ते हातात धरून नुसता बसून राहायचा.

अशा वेळी शीतछाया कंपनी आली. देवासारखी आली म्हणतात ना, तशीच.

कंपनीकडून आलेली मुलगी होती ऋतुजा कुलथे. नाशिकची, वयानं लहान, बोलायला गोड आणि मनानं खरोखर चांगली. वाईट बोलावं असं तिनं काही केलेलं नाही, हेच तर दुखणं आहे. गच्चीवर मांडव घालून तिनं आम्हाला समजावून सांगितलं.

"तापलेली कुठलीही वस्तू उष्णता बाहेर फेकत असते, डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांमधून. त्यातली बरीच हवा अडवते आणि परत खाली ढकलते. पण त्या किरणांचा एक पट्टा असा आहे, की जो हवा अडवतच नाही. आभाळाला तेवढी एकच खिडकी उघडी आहे म्हणा ना. आमचा लेप इमारतीची उष्णता नेमकी त्या पट्ट्यातून फेकतो, ती सरळ अंतराळात निघून जाते. आणि वरून येणारं ऊन तो जवळजवळ सगळं परत पाठवतो. त्यामुळे भर दुपारी, कडक उन्हातसुद्धा गच्ची हवेपेक्षा गार राहते. त्याला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही."

"म्हणजे आमची गरमी तुम्ही देवाच्या घरी पाठवता," आबा म्हणाले. "त्याले चालते का, इचारलं का?"

सगळे हसले. मग पैशाचं निघालं आणि हसणं थांबलं. बँका आम्हाला उभं करत नव्हत्या. आमच्याकडे तारण ठेवायला काय होतं? कुलथे मॅडम म्हणाली, तुमची बचत हेच तारण. पैसे बाहेरचे गुंतवणूकदार घालतील. लेप लागला की वीज वाचेल, त्या वाचलेल्या पैशातला मोठा हिस्सा दहा वर्षं कंपनीला द्यायचा, उरलेला तुमचा. बचत गटासारखं सगळं एकत्र, सोळा घरं एकमेकांना जामीन. पूर्ण इमारतीची बचत एका ठरलेल्या रेषेच्या वर राहिली तर हप्ता हलका. रेषेखाली गेली तर सगळ्यांचा हप्ता जड.

आमचे सेक्रेटरी नेहेते भाऊ रेल्वेत तिकिटं तपासून रिटायर झालेले. त्यांनी बरोबर बोट ठेवलं. "वापरलेली वीज मीटरवर दिसते, मॅडम. न वापरलेली कुठं दिसणार?"

मॅडमचा चेहरा उजळला. हाच प्रश्न तिला हवा होता.

"त्यासाठी आम्ही तुमच्या इमारतीचं जुळं करतो," ती म्हणाली. "संगणकात. तुमच्यासारखीच इमारत, तेवढीच घरं, तेवढीच माणसं, त्यांची वयं, त्यांची दुखणी, त्यांच्या सवयी. फरक एवढाच की त्या इमारतीला लेप लागलेला नसतो. इथं जसं ऊन पडेल तसंच तिथं पडतं. तिथल्या माणसांनी किती वीज जाळली असती ते जुळं सांगतं, तुम्ही किती जाळली ते मीटर सांगतं. दोन्हींमधला फरक म्हणजे तुमची बचत."

"आमच्यासारखीच माणसं?" शबानानं विचारलं. "तिथली शबाना पण भांडी घासते का?"

"घासते," मॅडम हसून म्हणाली. "आणि तिला तुमच्यापेक्षा जास्त उकडतं."

आम्हाला ते फार आवडलं. आपल्यापेक्षा जास्त उकडणारं कुणीतरी आहे, याचा आनंद काय सांगावा!

अडचण एकच होती. अर्ज करणाऱ्या इमारती खूप आणि पैसा थोडा. ज्या इमारतीतल्या माणसांना उन्हाचा धोका जास्त, तिला आधी नंबर. आता हे कानावर पडल्यावर आपल्याकडचा माणूस काय करणार? योजना दारात आली की आपण उत्पन्न कमी सांगतो आणि दुखणं वाढवून. खरं सांगून कुणाचं भलं झालेलं आम्ही बघितलेलं नाही. नेहेते भाऊंनी मीटिंग घेतली आणि सांगून टाकलं, "घरटी एक तरी पेशंट पाहिजे. आणि चारशे दोन, आपली सगळी भिस्त तुमच्यावर."

आबांना धाप खरीच होती. जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचललेल्या, छातीत रुई बसलेली. म्हणून रात्री प्राणवायूचं छोटं यंत्र लावायचे. पण चार मजले दमानं चढायचे, बाजारातून पारखून वांगी आणायचे, कुणाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. आणि दुसरी गोष्ट म्हणजे गावच्या जत्रेत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं सोंगं घेतलेली. म्हाताऱ्याचं, वाघाचं, बाळंतिणीचंसुद्धा. त्यांना काय सांगायचं!

कुलथे मॅडम तपासणीला आली तेव्हा आबा आतल्या खोलीतून भिंत धरत धरत आले. मधेच बसले. पाणी मागितलं आणि हात असा थरथरवला की अर्धं पाणी सदऱ्यावर. बोटाला यंत्र लावायच्या आधी पडद्यामागे श्वास रोखून उभे राहिले होते, म्हणजे प्राणवायूचा आकडा पडावा. तिनं विचारलं, "आबा, रात्री झोप लागते का?"

"झोप लागते ना, बाई. सकाळी जाग येते का नाही, तेवढं पाहाचं."

ती पोरगी डोळे पुसत जिना उतरली. मला खालून तिच्या चपलांचा आवाज ऐकू येत होता आणि तोंडात पदर कोंबून मी हसत होते.

आमची इमारत पहिल्या नंबरात बसली. लेप लागायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर शेवटची भरीत-पार्टी केली, कारण लेपावर जाळ करायला बंदी होती. कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली, कांद्याची पात, पुऱ्या, मिरचीचा ठसका. आबांनी सगळ्यांसमोर ते सोंग पुन्हा करून दाखवलं. नेहेते भाऊ हसून हसून खाली लोळले. शबानानं आबांची दृष्ट काढली. मग आबांनी आपल्या नावाची गोष्ट सांगितली, सुपडू नाव का ठेवलं त्याची.

"माह्या आधीची दोन लेकरं गेली. तिसरा मी. मग आजीनं मले सुपात घातलं आन उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारणीनं पसाभर ज्वारी देऊन इकत घेतलं आन परत मायच्या वटीत घातलं. यमाले वाटलं पाह्यजे, हे टाकून दिलेलं पोर, याच्यात काही दम नाही. तवापासून मी यमाले फसवतोच आहे!"

टाळ्या पडल्या. यमानं विश्वास ठेवला म्हणून आबा वाचले होते. कंपनीच्या यंत्रानंही विश्वास ठेवला, हे आम्हाला तेव्हा कुठं ठाऊक!

लेप लागला. खोटं कशाला बोलू, घर बदललं. पहिल्याच उन्हाळ्यात दोन्ही कूलर माळ्यावर गेले, नुसत्या पंख्यावर भागायला लागलं. दुपारी फरशीवर आडवं होता यायचं. हप्ता जाऊन वर चार पैसे उरत होते, त्यात शबानानं हप्त्यांवर शिलाई मशीन घेतलं. भिंतीत कंपनीनं छोटी छोटी बटणं बसवली होती. मॅडम म्हणाली होती, त्यांना डोळे नाहीत, कान नाहीत, फक्त नाक आहे. श्वासातून जो वायू बाहेर पडतो तो मोजून घरात माणसं किती एवढंच त्यांना कळतं. आबा जाता-येता त्या बटणावर फुंकर मारायचे. "घे, मी हाय अजून."

मग अडतीस सालचा मे आला. तसला मे मी आयुष्यात बघितला नाही. वीज जात होती, रात्रीसुद्धा हवा पेटलेली. गावात म्हातारी माणसं पटापट गेली. स्मशानात नंबर लागत होते. आमच्या सूर्यकन्येत एकही माणूस गेला नाही. आम्ही लेपाला हात लावून नमस्कार केला. आबा दर सकाळी उठून म्हणायचे, "चला, जाग आली."

पावसाळ्यात कंपनीचा निरोप आला. इमारतीची बचत रेषेखाली गेली आहे, पुढच्या महिन्यापासून सगळ्यांना जड हप्ता. एकच गोंधळ उडाला. कुणी एसी घेतला, कुणी आकडा टाकला, सगळे एकमेकांकडे संशयानं बघायला लागले. नेहेते भाऊंनी मॅडमला बोलावून घेतलं. ती आली ती थेट आमच्याकडे, भाऊंना बरोबर घेऊन. आबा तेव्हा आतल्या खोलीत टीव्ही बघत होते.

"एकाच घरात बचत उणे आहे," ती खाली बघत म्हणाली. "तुमच्या. त्यामुळे अख्खी इमारत रेषेखाली गेली."

"अहो, आम्ही कूलर लावत नाही," मी म्हटलं. "एक पंखा, एक टीव्ही आणि आबांचं ते प्राणवायूचं यंत्र. एवढंच तर चालतं."

"हो ताई. पण जुळ्या इमारतीत चारशे दोनमध्ये दिवसभर काहीच चालत नाही."

"का बरं? तिथले आबा काय हिमालयात गेले?"

तिनं आतल्या खोलीकडे बघितलं. मग एकदम बोलून टाकल्यासारखं म्हणाली, "तिथले आबा मे महिन्यात गेले."

मला आधी कळलंच नाही. तिनं समजावलं. जुळ्या इमारतीला लेप नव्हता. वरच्या मजल्यावरची खोली रात्रीही थंड होत नव्हती, वीज जात होती. अशा खोलीत अशा प्रकृतीचा माणूस किती तग धरेल याचं गणित यंत्राकडे होतं, आणि प्रकृतीची नोंद आम्हीच दिलेली. माणूस गेला की यंत्र त्याला काढून टाकतं. मेलेल्या माणसाला पंखा लागत नाही, प्राणवायू लागत नाही. जुळ्या घरात दिवसा वीज शून्य. आणि आमच्या घरात आबा जिवंत.

"म्हणजे लेपानं त्यांना वाचवलं," मी म्हटलं.

"हो."

"आणि ते वाचले म्हणून दंड."

"दंड नाही ताई, समायोजन." एवढं बोलून तिलाच लाज वाटली. "मला पटतं तुमचं. मी वर लिहिलं होतं. ते म्हणतात, करारात विजेची बचत मोजायची ठरली आहे, जिवाची नाही."

नेहेते भाऊ पुढे झाले. "मग नोंद दुरुस्त करू ना! सांगू, आबांची तब्येत तेवढी वाईट नव्हती. तुमचं यंत्र तिकडं त्यांना पुन्हा उभं करेल."

"करेल," मॅडम म्हणाली. "पण मग पाहणीत खोटी माहिती दिली असा अर्थ होतो. त्या माहितीवर तुम्हाला नंबर मिळाला. करारच रद्द होईल आणि सगळी रक्कम एकदम भरावी लागेल. सोळा घरांना."

भाऊंचा चेहरा उतरला. घरदार विकलं तरी कुणाला ते जमणारं नव्हतं. मॅडमनं दुसरी वाट सांगितली, अगदी हळू आवाजात. रहिवासी कायमचा दुसरीकडे राहायला गेला, अशी नोंद झाली की दोन्ही घरं पुन्हा सारखी होतात. मग बचत परत रेषेच्या वर. मात्र माणूस खरंच जायला हवा, भिंतीतल्या नाकाला फसवता येत नाही.

टीव्हीचा आवाज बंद झाला होता. आबा दारात उभे होते, कधीपासून कोण जाणे.

"बाई," त्यांनी मॅडमला विचारलं, "मी कसा मेलो?"

"आबा, तुम्ही आत जा," मी म्हटलं.

"थांब व. मले कळू दे. दिवसा का रातच्याला?"

"पहाटे," ती म्हणाली.

"झोपेत?"

"बहुतेक."

"जवळ कोन होतं?"

"ते यंत्र नाही सांगत, आबा."

आबांनी मान हलवली. "जोस्ना असंन. भागवत नसंन, त्याची झोप लय गाढ." मग हसले आणि तिला म्हणाले, "चहा घेतल्याबिगर जाऊ नको."

ती चहा न घेताच गेली. मी तिला अडवलं नाही. तिच्या गळ्याखाली उतरला नसता आणि माझ्या हातून झाला नसता.

त्यानंतर इमारत बदलली. कुणी तोंडावर काही बोललं नाही. आमच्या लोकांना तोंडावर बोलायला लाज वाटते, पाठीमागे बोलायला नाही. जड हप्ता सुरू झाला तशी जिन्यात आबा भेटले की माणसं बाजूला सरकायची. पूर्वी आबा दिसले की "काय आबा, जाग आली का?" म्हणून हाक मारणारी पोरं त्यांच्या आयांनी घरात ओढून घेतली. गणपतीत आरतीला आबा खाली गेले तर खुर्ची द्यायला कुणी उठलं नाही. शबाना एकटी स्वच्छ बोलली. दारात आली, डोळ्यांत पाणी. "ताई, मला पाप लागंल. पण दुकानवाले मशीन परत घेऊन जायला निघालेत. आबांना सुशीलाताईकडे थोडे दिवस..."

"तू सुद्धा?" मी म्हटलं. "तू दृष्ट काढली होतीस त्यांची!"

"काढली होती ना," ती म्हणाली आणि रडत निघून गेली. माझा तिच्यावर राग धरवेना, हा आणखी वैताग.

सुशीला माझी नणंद. फैजपूरच्या पलीकडे केळीच्या बागेत मजुरीला, पत्र्याच्या दोन खोल्या. उन्हाळ्यात त्या पत्र्याखाली मांजर थांबत नाही. नेहेते भाऊ भागवतला शेडवर जाऊन भेटले, तिथं काय बोलणं झालं देव जाणे. घरी आला तो ताटावर मान घालून म्हणाला, "हिवाळ्यापुरतं जाऊन येतील. बदल होईल त्यांना."

"आणि नोंद? कायमचा गेला म्हणून सही करणार ना तुम्ही?"

तो भाकरी कुस्करत राहिला.

"बोला ना! बाप आहे तुमचा. यंत्रानं मारला, आता तुम्ही कागदावर मारा!"

"पंधरा घरं आहेत, जोस्ना," एवढंच तो बोलला. मी ताट उचललं आणि मोरीत आपटलं. काही उपयोग झाला नाही. एक ताट चेपलं.

खरं सांगते, मी आबांना जाऊ दिलं नसतं. दारात आडवी पडले असते. पण त्या म्हाताऱ्यानं मला फसवलं. दिवाळीनंतर त्यांचा खोकला जादू केल्यासारखा थांबला. सकाळी लवकर उठून गच्चीत फेऱ्या मारायला लागले. काठी कोपऱ्यात ठेवली. एक दिवस तर गव्हाचं पोतं खालून वर आणलं, एकट्यानं, आणि माझ्यासमोर ठेवून मिश्यांवरून हात फिरवला.

"पाह्य! त्या पोरीचं यंत्र येडं हाय. मले काय धाड भरली? सुशीलाकडे केळीची गार हवा, दूध, नातवंडं. आखाजीच्या सणापर्यंत राहतो आन येतो. तू काहाले रडते?"

"आबा, तुम्ही खरं सांगताय ना?"

"तुह्यी शपथ," ते म्हणाले. माझी शपथ खोटी खाल्ली त्यांनी, आणि मला ती खरी वाटली. ज्या माणसानं अख्ख्या कंपनीला आजारपणाचं सोंग करून दाखवलं, त्याला बरं असल्याचं सोंग किती अवघड जाणार? मी टाळ्या वाजवणाऱ्यांतलीच होते, मला ओळखता यायला हवं होतं.

जायच्या दिवशी आबा चार मजले काठीशिवाय उतरले, एकदाही न थांबता. सगळी इमारत दारात उभी होती. कुणीतरी हात जोडले. नेहेते भाऊ वाकून पाया पडले. आबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "चला, पुन्हा सुपात बसलो." रिक्षा वळेपर्यंत ते ताठ बसले होते. वळल्यावर काय झालं ते मला सुशीलानं नंतर सांगितलं. फैजपूरपर्यंत त्यांना नीट श्वास घेता आला नाही.

फोनवर मात्र खणखणीत. "इथं लय गार हाय. काल दोन भाकरी खाल्ल्या." मागे कुणी खोकलं की म्हणायचे, सुशीलाचा सासरा. सुशीलाचा सासरा जाऊन पाच वर्षं झालेली, हे माझ्या ध्यानात यायला एप्रिल उजाडला. मी सुशीलाला दरडावून विचारलं तेव्हा ती ढसाढसा रडली. प्राणवायूचं यंत्र दिवसभर लावावं लागतं, तिकडं वीज नसते, आबांनी सांगू नको म्हणून बजावलंय.

मी भागवतला सांगितलं, रविवारी मी आबांना घरी आणते आहे, हप्ता गेला खड्ड्यात, नोंद गेली चुलीत. त्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाला, "मी पण येतो." शुक्रवारी सुशीलाचा फोन आला. पहाटे. झोपेत. जवळ कुणी नव्हतं.

तेराव्याला अर्धी सूर्यकन्या गाडी करून फैजपूरला आली. सगळे रडले, आणि खोटं रडले असं मी म्हणणार नाही. त्याच आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर कंपनीचा निरोप आला. तो त्यांच्या वर्षाच्या आढाव्याचा होता, यंत्रच धाडतं. सूर्यकन्या सोसायटीचं अभिनंदन, तुमची बचत रेषेच्या वर आहे, आणि जुळ्या इमारतीशी तुमची इमारत तंतोतंत जुळते आहे. पुढे एक हसरा चेहरा होता.

मी आतल्या खोलीत गेले. आबांच्या खाटेवर गोधडी घडी घालून ठेवलेली. मी पंखा लावला. टीव्ही लावला, त्यांचा चॅनल, त्यांच्याएवढा आवाज करून. माळ्यावरून दोन्ही कूलर खाली काढले, पुसले, पाणी भरलं आणि खाटेकडे तोंड करून सुरू केले. रिकाम्या खोलीतला दिवा विसरला म्हणून भागवतला आयुष्यभर टोचून बोलणारी बाई मी. तो दारात येऊन उभा राहिला, बघितलं, आणि डबा घेऊन कामावर गेला. त्या दिवसापासून ते बंद केलेलं नाही.

आता कुलथे मॅडमचा फोन येतो. "ताई, चारशे दोनमध्ये माणूस नसताना वीज जाते आहे." मी म्हणते, तुमच्या यंत्राला नाक आहे, पण ते चोंदलंय. तरी ती फोन ठेवत नाही, चांगलीच मुलगी आहे.

परवा संध्याकाळी नेहेते भाऊ आले. इमारत पुन्हा रेषेखाली गेली, पुन्हा जड हप्ता लागला. मागे जिन्यात चारपाच जण उभे होते, शबानाही होती. भाऊंनी आतल्या खोलीकडे बघितलं, खाटेवरची गोधडी वाऱ्यानं हलत होती.

"जोस्ना, हे काय मांडलंयस?"

"माणूस गेल्यावर दिवा ठेवतात की नाही, भाऊ? आमच्याकडे पंखा ठेवलाय."

"दिवा दहा दिवस ठेवतात, पोरी. आता दोन महिने झाले. कुठवर चालवणार?"

"आबांना धाप होती," मी म्हटलं. "फैजपूरहून पायी यायचं, वर हे चार मजले चढायचे. वेळ लागणारच."

शबाना रडायला लागली. जिन्यातून कुणीतरी म्हणालं, "पण भरायचं आम्ही सगळ्यांनी..."

"भरा," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं. मग आत जाऊन आबांचा पंखा पाचवर केला.